एल्डर क्रीकचा तेरावा खेळाडू

व्हेरॉनिका तुस्कानो स्वतः कधी बॅट धरून मैदानात उतरली नाही. पण वसईत पंधरा-सोळा वर्षं एकही मोठी टूर्नामेंट अशी झाली नाही की जिचं स्कोअरबुक तिच्या हाताखालून गेलं नाही. ती पंधरा वर्षांची असताना नंदाखालला थोरल्या भावाच्या टीमचा स्कोअरर ऐन मॅचच्या दिवशी तापाने झोपला. भावाने तिला घरातून उठवून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि पेन्सिल हातात दिली. "रन झाला तर आकडा, नाही झाला तर ठिपका," एवढंच शिक्षण. संध्याकाळी तिची बेरीज बरोबर आली. शेजारी बसलेल्या दुसऱ्या टीमच्या स्कोअररची काही केल्या येईना. त्याने तिची वही मागून घेतली आणि मुकाट्याने आपली दुरुस्त केली.

तिथून ती बसली ती बसलीच. पुढे मुंबईला जाऊन स्कोअररची परीक्षा दिली, त्या बॅचमधली एकटीच मुलगी. लग्न झालं, ॲमंडा झाली, तरी रविवारी पाण्याची बाटली आणि तीन टोक केलेल्या पेन्सिली घेऊन ही मैदानावर हजर. तिच्या वहीत खाडाखोड नसायची आणि तिच्यापुढे कुणाची रदबदली चालायची नाही. एका फायनलला आयोजकांचा पुतण्या एकोणपन्नासवर आउट झाला. मंडळी लगेच तिच्या टेबलाभोवती जमली. तो मघाचा लेग बाय होता ना, तो बॅटला लागला होता, एवढा एक रन त्याच्या नावावर टाक, पोराची फिफ्टी होईल, मॅच तर आपणच जिंकलोय. व्हेरॉनिकाने मान वरही केली नाही. "अंपायरने गुडघ्याला हात लावला, मी बघितलं," ती म्हणाली. "पन्नास पाहिजे होते तर अजून एक धाव पळायची होती." पुढच्या वर्षी त्यांनी तिला बोलावलं नाही. त्यापुढच्या वर्षी बोलावलं, कारण मधल्या वर्षी दोन वह्यांचा मेळ न बसल्यामुळे सेमीफायनल हाणामारीवर गेली होती.

२०११ साली नवरा आर्थर, ती आणि सहा वर्षांची ॲमंडा कॅनडात आले आणि मिल्टनला स्थिरावले. आर्थरला ट्रक चालवायचं काम मिळालं. व्हेरॉनिकाने आधी दोन वर्षं एका गोदामात खोकी भरली, मग म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचा कोर्स केला आणि गावातल्या एका नर्सिंग होममध्ये लागली. अंघोळ, जेवण, औषधाची आठवण, उठवणं, बसवणं. काम पाठ मोडणारं, पण तिला ते जमलं. कुठल्या आजोबांनी किती घोट पाणी घेतलं, कुठल्या आजींनी सलग दोन दिवस नाश्ता टाकला, हे तिला न लिहिता लक्षात राहायचं, आणि लिहायला तर ती आधीच एक नंबर. तिच्या नोंदी वाचून डॉक्टर खूश असत. "व्हेरॉनिकाची शिफ्ट होती का? मग मला विचारायला नको," असं एक डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि व्हेरॉनिकाही त्यावर उगाच लाजत नसे.

तिच्या मजल्यावर मिस्टर मोरिता म्हणून एक गृहस्थ होते. हिरोशी मोरिता, वय त्र्याण्णव. अंगाने सुपारीएवढे, कानाने अधू, बोलणं फार कमी. उन्हाळ्यात रोज टीव्हीवर बेसबॉल लावून बसायचे, तेही आवाज बंद करून.

"कोण जिंकतंय?" एकदा त्यांचं ब्लँकेट नीट करताना तिने विचारलं.

"तूच सांग," मोरिता म्हणाले. "डोळे तर तुला आहेत."

तिला काही सांगता येईना, आणि याचा तिला राग आला. खेळ समोर चालू आहे आणि आपल्याला तो लिहिता येत नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कोरा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. "शिकवा," म्हणाली. मोरितांनी शिकवलं. बेसबॉलमध्ये फिल्डिंगच्या प्रत्येक जागेला नंबर असतो. चेंडू टाकणारा पिचर म्हणजे एक. मग बेस, म्हणजे पळताना गाठायचे टप्पे, त्यांवर उभे राहणारे: पहिला बेस तीन, दुसरा बेस चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप सहा. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, त्याने पहिल्याकडे, आणि दोन जण बाद झाले, तर लिहायचं फक्त सहा-चार-तीन. फिल्डरने चूक केली तर ई आणि त्याचा नंबर. महिन्याभरात ती टीव्हीवरची मॅच पानावर उतरवू लागली, आणि मोरिता चष्मा नाकावर आणून ते पान तपासू लागले.

असंच एका दुपारी ते म्हणाले, "मी चार नंबर होतो."

"कुठे?"

"एल्डर क्रीकला. अठ्ठेचाळीस साली आम्ही चॅम्पियन झालो. अख्ख्या ओंटारिओतल्या गावांमध्ये पहिले."

एल्डर क्रीक हे गाव आता नकाशावर नाही. मिल्टन वाढत वाढत गेलं आणि त्यात ते विरघळलं. तिथला विटांचा कारखाना कधीच बंद पडला, भट्ट्या पाडल्या, आणि त्या जागी एकसारख्या घरांच्या रांगा उठल्या. व्हेरॉनिकाचं स्वतःचं घर तिथून तीन रस्ते पलीकडे. पण एके काळी त्या कारखान्याच्या कामगारांची एक बेसबॉल टीम होती. दिवसभर विटा उचलायच्या आणि संध्याकाळी सहा ते अंधार पडेपर्यंत खेळायचं. १९४८ साली त्या टीमने प्रांताचं अजिंक्यपद मारलं. दोन वर्षांनी कारखाना विकला गेला, कामगार पांगले, आणि टीमचं नावही कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

योगायोग असा की मोरितांनी हे सांगितलं त्याच वर्षी गावातल्या काही हौशी लोकांनी एक समिती केली होती. नव्या वस्तीतल्या पार्कमध्ये, जिथे जुनं मैदान होतं तिथेच, त्या टीमची पितळी पाटी बसवायची होती. तेरा नावं ठरली होती. व्हेरॉनिकाने लायब्ररीत लावलेली यादी वाचली. तिच्यात मोरिता नव्हते. दुसरा बेस, एच. मरे, असं होतं.

तिने परत येऊन विचारलं, "हा मरे कोण?"

"मीच," मोरिता म्हणाले.

मग हळूहळू, दोन-तीन दुपारींत, ती गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडा सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत नेलं तेव्हा हिरोशी अकरा वर्षांचा होता. लढाई संपली तरी परत जायला बंदी होती, म्हणून कुटुंब पूर्वेला आलं आणि वडील एल्डर क्रीकच्या भट्टीवर लागले. सतराव्या वर्षी पोराचा हात बघून मॅनेजरने त्याला टीममध्ये घेतलं, पण एक अट घातली. जपानी नाव पेपरात आलं तर बाकीची गावं खेळायला नकार देतील, तेव्हा कागदावर तू मरे. फायनलनंतर पेपरवाला फोटो काढायला आला तेव्हा मॅनेजरने हिरोशीला ट्रकमध्ये बॅटी ठेवायला पाठवलं. तो परत आला तेव्हा फोटोग्राफर ट्रायपॉड मिटत होता.

"रागावला नाहीत?" तिने विचारलं.

"बॅटी जड होत्या," मोरिता म्हणाले, आणि थोडं हसले. "खेळायला मिळत होतं. तेव्हा तेवढं पुरे वाटलं. आता वाटत नाही."

हे शेवटचं वाक्य व्हेरॉनिकाने मनावर घेतलं. मोरितांची मुलगी जून दर रविवारी हॅमिल्टनहून यायची, साठीची, शाळेतून रिटायर झालेली. व्हेरॉनिकाने तिला सगळं सांगितलं. जूनला यातलं काहीच माहीत नव्हतं. वडील बेसबॉल बघतात एवढंच तिला ठाऊक. तिने समितीच्या प्रमुखांना, मिस्टर प्लॅट यांना, फोन केला. प्लॅट म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, माणूस सरळ. ते म्हणाले, "मॅडम, आजवर तीन कुटुंबांनी मला सांगितलंय की आमचे आजोबा त्या टीममध्ये होते. तिघांचंही खोटं निघालं. तुमचे वडील खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, पण कागद पाहिजे. पेपरात मरे आहे, आमच्याकडे त्या मोसमाचं स्कोअरबुक आहे त्यातही मरेच आहे. पाटी ओतायला दहा दिवसांनी जाणार."

जून हिरमुसली. "संपलं," ती म्हणाली. "त्या वहीतही मरेच आहे."

"स्कोअरबुक आहे?" व्हेरॉनिकाने विचारलं. तिचा आवाज असा वर चढला की पलीकडच्या खोलीतल्या आजी जाग्या झाल्या. "अहो, मग संपलं कसं? मग तर काम झालं!"

तिने जूनला समजावून सांगितलं. क्रिकेटला दोन स्कोअरर बसतात. एकट्याची वही ही वही नव्हे. दर ओव्हरला दोघं आपले आकडे ताडून बघतात, आणि जुळले तरच पुढे जातात. इथे एक वही अठ्ठेचाळीस साली कुणीतरी लिहून ठेवली आहे. दुसरी मिस्टर मोरितांच्या डोक्यात आहे. ती आपण कागदावर उतरवायची, पहिली न बघता, आणि मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. जो त्या दिवशी दुसऱ्या बेसवर उभा नव्हता त्याला तिथे कुठला चेंडू कधी आला हे कसं कळणार?

घरी ॲमंडा म्हणाली, "मम्मी, यू आर नॉट इव्हन ऑन द कमिटी."

"कमिटीत बसायला कोण चाललंय?" व्हेरॉनिका म्हणाली. "मी स्कोअर लिहायला चालले. तो कुकर बंद कर."

तिने नर्सिंग होमची रीतसर परवानगी काढली, जूनची सही घेतली, आणि आपल्या सुट्टीच्या दिवशी मोरितांसमोर बसली. एका बाजूला जून, दुसऱ्या बाजूला चार्ज नर्स साक्षीदार म्हणून. "सगळी मॅच नको," व्हेरॉनिका म्हणाली. "फक्त तुमची. तुम्ही बॅटिंगला आलात तेव्हा काय झालं, आणि तुमच्याकडे चेंडू आला तेव्हा काय झालं."

मोरितांनी डोळे मिटले. सुरुवातीला अडखळले, इनिंग मागेपुढे झाल्या, एकदा पाणी मागितलं. तिने घाई केली नाही आणि एक शब्दही पुरवला नाही. पहिल्यांदा डाव्या बाजूला उंच उडवला, झेल. दुसऱ्यांदा चार बॉल बाहेर, फुकटचा बेस, आणि लगेच पळून दुसरा बेस चोरला. तिसऱ्यांदा बॅट नुसती आडवी धरून चेंडू टाकला, स्वतः बाद, पण आधीच बेसवर असलेला साथीदार पुढे सरकला. चौथ्यांदा, आठव्या इनिंगमध्ये, उजवीकडे जोरात मारला आणि जिंकायचा रन आला. मग फिल्डिंग. सहा चेंडू सांगितले, शेवटचा नवव्या इनिंगमधला सहा-चार-तीन, ज्यावर मॅच संपली. व्हेरॉनिकाने सगळं चौकटींत लिहिलं, खाली तारीख टाकली, तिघींनी सह्या केल्या आणि पाकीट चिकटवलं.

समितीची बैठक लायब्ररीच्या मागच्या खोलीत होती. सात-आठ माणसं, मध्ये लांब टेबल, आणि व्हीलचेअरमध्ये मोरिता, निळ्या टायमध्ये. व्हेरॉनिकाने पाकीट प्लॅटसाहेबांच्या हातात दिलं. "मी तुमची वही बघितलेली नाही," ती म्हणाली. "मला बघायचीही नाही. तुम्हीच फोडा आणि तुम्हीच जुळवा. मोठ्याने वाचा."

प्लॅटनी पाकीट फोडलं. जुनं स्कोअरबुक उघडलं, तपकिरी पानं, पुसट पेन्सिल. पहिली बॅटिंग जुळली. दुसरी जुळली, चोरलेल्या बेससकट. प्लॅटनी चष्मा पुसला. तिसरी जुळली. चौथी जुळली तेव्हा खोलीतलं कुणीतरी "ओह्‍" म्हणालं. मग फिल्डिंग, एक, दोन, तीन, सहाच्या सहा. जूनने वडिलांचा हात धरला.

"एक मिनिट," प्लॅट म्हणाले. त्यांचं बोट पानावर थांबलं होतं. "तिसऱ्या इनिंगमध्ये अजून एक चेंडू आहे. ई-चार. मरेची चूक, त्यावर समोरच्यांचा रन झालाय. तुमच्या कागदावर तो नाही."

जूनने व्हेरॉनिकाकडे पाहिलं. म्हातारा माणूस, एखादा चेंडू विसरला असेल, एवढं म्हणून सोडून देता आलं असतं. प्लॅटसुद्धा कदाचित तेच ऐकायला तयार होते.

"लिहून ठेवा," व्हेरॉनिका म्हणाली. "जुळलं नाही ते आधी लिहायचं." मग ती व्हीलचेअरजवळ वाकली आणि मोरितांच्या बऱ्या कानात स्पष्ट म्हणाली, "मिस्टर मोरिता, तिसरी इनिंग. वहीत तुमच्या नावावर एक चूक आहे. तुम्ही मला सांगितली नाहीत."

मोरितांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाही सांगितली," ते म्हणाले.

"आठवत नव्हती?"

"आठवत नव्हती? रोज आठवते." त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. "सरळ हातात येणारा चेंडू होता. माझ्यासमोर जमिनीत विटेचा तुकडा होता, त्याला लागून उडाला, माझ्या खांद्यावरून गेला. कुणी मान्य केलं नसतं. चूक केली की माणूस खड्याचं नाव सांगतोच. आणि मी तर कोण होतो? मी मरे होतो. मी गप्प बसलो. इनिंग संपल्यावर तो तुकडा उचलून कुंपणापलीकडे फेकून दिला."

प्लॅटनी स्कोअरबुक उचलून दिव्याखाली धरलं, खिशातून भिंग काढलं आणि त्या चौकटीत डोकं घातलं. मग वही मोरितांच्या मांडीवर ठेवली आणि बोटाने दाखवलं. ई-चारच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात, कुणीतरी एक शब्द लिहिला होता. ब्रिक, म्हणजे वीट.

"मी चार वेळा ही वही वाचली," प्लॅट म्हणाले. "टीमचं नाव ब्रिकमेन, म्हणून मला वाटलं तेच अर्धवट लिहिलंय. हे स्कोअरबुक मॅनेजरच्या बहिणीने ठेवलं होतं. तिने बघितलं होतं, सर."

मोरितांनी तो शब्द वाचला. भिंग मागून घेतलं आणि परत वाचला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी टायच्या टोकाने पुसलं. "तिने बघितलं होतं," ते जूनला म्हणाले, आणि मग जपानीत काहीतरी म्हणाले जे जूनलाही नीट कळलं नाही.

पाटीवर कुठलं नाव घालायचं यावर जरा चर्चा झाली. कुणी म्हणालं, मरे आणि कंसात मोरिता घालू, म्हणजे जुन्या पेपराशी मेळ राहील. मोरितांनी व्हीलचेअरच्या दांड्यावर हात आपटला. "मरेने एकही रन काढलेला नाही," ते म्हणाले. विषय संपला.

सप्टेंबरच्या एका शनिवारी पाटी बसली. पार्कच्या एका कोपऱ्यात पंजाबी आणि तमिळ पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती, ती खेळ थांबवून बघायला आली. त्या टीमच्या पिचरची नात लंडनहून, म्हणजे ओंटारिओतल्या लंडनहून, गाडी चालवत आली आणि म्हणाली की आजोबा दुसऱ्या बेसवरच्या एका मुलाबद्दल फार बोलायचे, पण आम्हाला वाटायचं ते नावात गोंधळ करतायत. आम्ही मरे म्हणायचो, ते मोरी मोरी म्हणायचे. मोरितांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. व्हेरॉनिका मागच्या रांगेत आर्थर आणि ॲमंडाजवळ उभी होती. प्लॅटनी भाषणात तिचं नाव घेतलं तेव्हा तिने हात वर करून दाखवला, सगळ्यांनी बघावं म्हणून. ॲमंडा पुटपुटली, "ओ माय गॉड, मम्मी," आणि मग सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या तिनेच वाजवल्या.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती, पण ऑक्टोबरात मोरितांनी तिला पुढची सांगायला सुरुवात केली. फायनलच्या आधी त्या मोसमात सतरा मॅचेस झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्यांना सांगायच्या होत्या. आता दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती लिहिते. प्लॅट स्कोअरबुक घेऊन येतात, आणि लिहून झालं की मगच ते उघडतात. सगळं जुळत नाही. जुलैतल्या एका मॅचवरून गेल्या आठवड्यात दोघा म्हाताऱ्यांचं चांगलंच वाजलं. मोरिता म्हणतात तो चेंडू रेषेच्या आत होता, वही म्हणते बाहेर. प्लॅट वहीच्या बाजूने, मोरिता स्वतःच्या.

"तू सांग," मोरितांनी तिला सांगितलं.

"मी नव्हते तिथे," व्हेरॉनिका म्हणाली, दोन्ही लिहून ठेवलं आणि पुढची इनिंग विचारली.